काटा कोण तपासतो?

धुळ्याच्या बाजार समितीत उभे आयुष्य मापाडी म्हणून काढलेले एक वृद्ध गृहस्थ मागील वर्षी आमच्या रुग्णालयात किरणोपचारासाठी येत होते. गालाच्या आतील गाठ शस्त्रक्रियेने काढून झाली होती आणि त्यानंतर आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे त्यांना यंत्राखाली झोपायचे होते. आमच्या खानदेशात किरणोपचाराला पुष्कळ लोक ‘शेक’ म्हणतात. शेक चालू आहे, शेक संपला, शेकाने तोंड आले, अशी भाषा प्रतीक्षाकक्षात सतत कानावर पडते. या बाबांनी दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावरचा मास्क काढल्याबरोबर मला विचारले, ‘ताई, आज कितला शेक दिन्हा?’ मी म्हणाले, ‘दोन ग्रे.’ त्यांनी मान हलवून तो आकडा मनात नोंदवून घेतला, दारापर्यंत गेले आणि परत वळून म्हणाले, ‘आनि तुमना काटा कोन तपासस?’

मी वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ आहे. रुग्णाला किती मात्रा द्यायची हे डॉक्टर ठरवतात, ती प्रत्यक्ष देण्याचे काम तंत्रज्ञ करतात, आणि जेवढी ठरली तेवढीच, ठरली तिथेच पोहोचते आहे याची हमी माझ्याकडून घेतली जाते. इतक्या वर्षांत माझ्या कामाच्या गाभ्याला हात घालणारा असा प्रश्न कोणा रुग्णाने विचारला नव्हता. बाहेर रांग होती, त्यामुळे त्या दिवशी मी दोन वाक्यांत उत्तर दिले. ते मला आजही अपुरे वाटते. पूर्ण उत्तर द्यायचे तर सव्वाशे वर्षांत माणसाने हे न दिसणारे, न जाणवणारे किरण मोजण्यासाठी आणि आखून देण्यासाठी जी साधने घडवली, त्यांच्याकडे जावे लागते.

आधी ‘शेक’ या शब्दाविषयी थोडे. शेक म्हटले की ऊब आलीच, म्हणून रुग्ण यंत्राखालून उठताना हमखास सांगतात की आज काहीच लागले नाही. ते खरेच असते. ग्रे म्हणजे एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली जाणे. दोन ग्रे मात्रेने शरीरातील तेवढ्या भागाचे तापमान अंशाच्या एक हजारांश भागाच्या निम्म्यानेसुद्धा वाढत नाही. हिशेब केला तर ०.०००४८ अंश सेल्सिअस येते. एवढीशी ऊर्जा पेशींच्या गाभ्यातील धागे तोडते, कारण ती सर्वत्र पातळ पसरत नाही, तर रेणूरेणूंवर नेमके आघात करीत जाते. म्हणजे जे परिणामाने एवढे तीव्र आहे, ते हाताला, डोळ्याला किंवा साध्या तापमापीला कळतच नाही. गहू जास्त भरला तर पाठीवरच्या हमालाला कळते. इथे जास्त झालेले कळायला काही आठवडे, कधी काही वर्षे लागतात, आणि तोवर ते परत काढून घेण्याची सोय नसते.

व्हिल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण पाहिले आणि काही महिन्यांतच त्यांचा उपचारासाठी वापर सुरू झाला. माप मात्र नव्हते. सुरुवातीच्या काळातील माप म्हणजे रुग्णाची कातडी: ती जेव्हा लाल होईल तेव्हा पुरेसे झाले, असे मानले जाई. यात दोष असा की कातडी लाल व्हायला दिवस लागतात आणि प्रत्येकाची कातडी वेगळी. १९०२ मध्ये व्हिएन्नाचे गिडो होल्झक्नेख्ट यांनी किरणांनी रंग बदलणाऱ्या क्षारांचे माप आणले. त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्समध्ये साबुरो आणि न्वारे यांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडच्या लहान चकत्या तयार केल्या. नळी आणि कातडी यांच्या बरोबर मध्यावर चकती ठेवायची, तिचा हिरवा रंग पिवळट तपकिरी होऊन नमुन्याच्या रंगाशी जुळला की थांबायचे. मला या चकत्यांविषयी आदर वाटतो. त्या अचूक नव्हत्या, पण रुग्णाच्या देहाऐवजी दुसऱ्या एका वस्तूने साक्ष द्यावी, हा विचार त्यांच्यापासून रुजला.

पुढचा विचार हवेचा होता. किरण हवेतून जाताना हवेच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे करतात. तो विद्युतभार गोळा करून मोजला तर किरणांची मोजदाद होते. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल व्हिलार्ड यांनी १९०८ मध्येच या तत्त्वावर एकक सुचवले होते, पण जगाने ते ‘राँटगेन’ या नावाने स्वीकारले १९२८ मध्ये, स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत. ही मधली वीस वर्षे मला फार बोचतात, कारण त्या काळात एका शहरातील डॉक्टरने लिहिलेली मात्रा दुसऱ्या शहरातील डॉक्टरला वाचता येत नव्हती. आपल्याकडे गावागावाची पायली वेगळी होती तेव्हा व्यापाऱ्याचे जे होत असे, तेच तेव्हा उपचाराचे होत होते.

राँटगेन हे एकक हवेत काय घडले एवढेच सांगते, शरीरात किती ऊर्जा मुरली ते सांगत नाही. हवेतून शरीरात जाण्याचा पूल बांधला तो लुई हॅरॉल्ड ग्रे या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने. माध्यमात एक अगदी लहान पोकळी ठेवली, इतकी लहान की तिच्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहात फरक पडू नये, तर त्या पोकळीतील हवेत जमलेल्या विद्युतभारावरून भोवतालच्या माध्यमात शोषली गेलेली ऊर्जा काढता येते, असे त्यांनी १९३६ मध्ये मांडले. त्यापूर्वी ब्रॅग यांनी हाच विचार स्वतंत्रपणे मांडला होता, म्हणून सिद्धांताला दोघांचे नाव आहे. १९५३ मध्ये शोषलेल्या मात्रेसाठी ‘रॅड’ आले आणि १९७५ मध्ये शंभर रॅडच्या मोठ्या एककाला ग्रे यांचे नाव दिले गेले. बाबांना मी जे ‘दोन ग्रे’ म्हटले, त्यामागे हा माणूस उभा आहे.

कातडीने साक्ष देणे कायमचे बंद झाले ते कोबाल्टमुळे. पूर्वीच्या क्ष-किरणांची सर्वांत मोठी मात्रा कातडीवरच पडत असे. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूमधून निघणाऱ्या गॅमा किरणांची सर्वाधिक मात्रा कातडीखाली अर्धा सेंटिमीटर पडते, आणि आजच्या सहा मेगाव्होल्टच्या लिनॅकवर, म्हणजे विजेवर क्ष-किरण तयार करणाऱ्या यंत्रावर, ती दीड सेंटिमीटर खोल जाते. कातडी वाचली, हे रुग्णासाठी मोठे वरदान होते. पण कातडी बोलेनाशी झाल्यावर आत किती गेले हे मोजूनच कळणार होते. कॅनडात १९५१ मध्ये अशी दोन यंत्रे जवळपास एकाच वेळी तयार झाली. लंडन नावाच्या कॅनडातील शहरात २७ ऑक्टोबरला पहिला रुग्ण घेतला गेला. सस्कटूनला हॅरॉल्ड जॉन्स यांच्या गटाकडे किरणस्रोत ऑगस्टमध्येच पोहोचला होता, पण त्यांनी आधी पाण्यात खोलीखोलीवरची मात्रा मोजून तक्ते तयार केले. त्या मोजणीत सिल्व्हिया फेडोरुक ही तरुण भौतिकशास्त्रज्ञ होती. त्यांचा पहिला रुग्ण ८ नोव्हेंबरला, म्हणजे बारा दिवस उशिरा आला. पहिलेपणाचा मान गेला, तक्ते मात्र राहिले. या बारा दिवसांची गोष्ट मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आता आमचा काटा. त्याला फार्मर चेंबर म्हणतात, आणि त्याचा शेतीशी संबंध नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे फ्रँक फार्मर यांनी १९५५ मध्ये तो घडवला. बोटाएवढ्या जाडीच्या दांडीच्या टोकाला ग्रॅफाइटचे टोपण, त्यात ०.६ घन सेंटिमीटर हवा, आणि मधोमध एक बारीक तार. ही हवा कुठल्या विशेष वायूची नसते. टोपणाला बारीक छिद्र असते आणि खोलीतील हवाच आत-बाहेर होत असते. तीस सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल अशा पाण्याच्या टाकीत, पृष्ठभागाखाली बरोबर दहा सेंटिमीटरवर चेंबर ठेवून दहा बाय दहा सेंटिमीटरचा किरणझोत त्यावर सोडायचा. शरीराचा बहुतांश भाग पाण्यासारखाच वागतो, म्हणून पाणी हे रुग्णाच्या वतीने उभे राहते. एक ग्रे मात्रेला जमणारा विद्युतभार सुमारे १८ ते २० नॅनोकुलोम, म्हणजे कुलोमच्या अब्जांश भागांत मोजण्याइतका असतो. सत्तर वर्षे होत आली तरी याची जागा घेईल असे दुसरे साधन रोजच्या कामात आलेले नाही. एवढ्या साध्या वस्तूने एवढा काळ टिकावे याचे मला अजूनही नवल वाटते.

चेंबरमध्ये खोलीची हवा असते, म्हणून खानदेशचा उन्हाळा थेट आमच्या हिशेबात येतो. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत कमी अणू, कमी अणूंतून कमी विद्युतभार. वायुदाब उतरला की तेच. म्हणून मिळालेल्या वाचनाला तापमान आणि दाब यांच्या गुणकाने गुणावे लागते. प्रमाण म्हणून वीस अंश तापमान आणि १०१.३ किलोपास्कल दाब धरलेला असतो. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंच आहे आणि मे महिन्यात इथला दाब ९८ किलोपास्कलच्या आसपास असतो. खोलीतील पाणी चोवीस अंशांवर असले तर गुणक १.०४८ येतो. जवळजवळ पाच टक्के. युरोपातल्या थंड, सपाट प्रदेशातील एखाद्याने हा गुणक एक टक्क्याच्या आत पाहिला असेल. आम्हाला मात्र तो दर उन्हाळ्यात पाहावा लागतो.

माझी एक चूक इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात, दुसऱ्या एका रुग्णालयात, मी दाबाचा आकडा हवामानाच्या संकेतस्थळावरून घेतला, कारण तो चटकन मिळत होता. तो १००४ हेक्टोपास्कल, म्हणजे १००.४ किलोपास्कल होता. हिशेब झाला तेव्हा यंत्राची मात्रा अपेक्षेपेक्षा अडीच टक्क्यांच्या जवळपास कमी दिसली आणि मी यंत्राचे उत्पादन तेवढे वाढवावे असा शेरा लिहिला. आमच्या वरिष्ठ सरांनी वही पाहिली, काही न बोलता कपाटातला वायुदाबमापक काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर ९८० होते. हवामानाच्या बातम्यांतील दाब समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो, प्रत्यक्ष आपल्या खोलीतला नसतो, हे मला पुस्तकातून माहीत होते आणि तरी हाताने चूक झाली. यंत्र बरोबर होते. माझा शेरा अमलात आला असता तर प्रत्येक रुग्णाला अडीच टक्के जास्त मात्रा गेली असती, साठ ग्रेमागे दीड ग्रे. त्याच सरांनी दुसरी गोष्ट शिकवली: तापमापी भिंतीवरची वाचायची नाही, पाण्यात बुडवून वाचायची, आणि पाणी आदल्या रात्रीच टाकीत भरून खोलीत ठेवायचे. रात्री वीज गेली आणि वातानुकूलन बंद पडले तर सकाळी ते पुन्हा सुरू झाल्यावर खोली लवकर थंड होते, पाणी होत नाही. भारनियमनाच्या दिवसांत ही शिकवण फार उपयोगी पडली.

पण हे सगळे आमचे आम्ही मोजणे झाले. बाबांचा प्रश्न त्यापुढचा होता. बाजार समितीतला काटा मापाडी स्वतः तपासतो, तरी वजनमापे खात्याचा शिक्का लागतोच, आणि खात्याकडची वजनेही त्यांच्याहून अचूक वजनांशी ताडलेली असतात. आमच्याकडेही अशीच उतरंड आहे. आमचे चेंबर ठरावीक मुदतीने मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत जाते, तिथे त्यांच्या प्रमाण चेंबरशी ताडले जाते आणि एक गुणक लिहिलेले प्रमाणपत्र घेऊन परत येते. त्यांचे प्रमाण चेंबर आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी जोडलेले असते. या साखळीच्या अगदी वरच्या टोकाला काही देशांच्या प्रयोगशाळांत खरोखरच उष्णता मोजतात. वर सांगितलेली ती अंशाच्या हजारांश भागाहूनही कमी वाढ, बाहेरच्या तापमानापासून काटेकोरपणे जपलेल्या पाण्यात मोजली जाते. म्हणजे शेकाला शेक म्हणणारे आमचे लोक एका अर्थाने साखळीच्या मुळाशीच बोट ठेवतात.

याखेरीज एक टपाल येते. लहानशा कुपीत एक पूड असते, जी किरण पडल्यावर ऊर्जा साठवून ठेवते आणि नंतर तापवली की साठ्याच्या प्रमाणात मंद प्रकाश देते. तापवल्यावर उजळणाऱ्या पदार्थांची ओळख जुनी आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६३ मध्ये हिरा अंगाच्या उबेने अंधारात चमकतो असे नोंदवले होते. लिथियम फ्लोराइडचा मात्रामापनासाठी उपयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी १९५० च्या दशकात सुरू केला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून २०१७ पर्यंत अशा कुप्या जगभरच्या रुग्णालयांना पाठवत होत्या, आणि आपल्या देशात भाभा अणुसंशोधन केंद्रही पाठवते. आम्ही कुपी पाण्यात ठेवून आमच्या हिशेबाने बरोबर दोन ग्रे देतो आणि परत टपालात टाकतो. तिथे ती कोण वाचते हे मला माहीत नसते, आमचे रुग्णालय कसे दिसते हे त्यांना माहीत नसते. पाच टक्क्यांच्या आत बसलो की नाही एवढेच कळते. माझ्या मते या सगळ्या शोधांत सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत मोलाचा शोध हा टपालाचा आहे.

काटा तपासला नाही तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील ओहायो राज्यातले आहे. १९७४ ते १९७६ या काळात तिथल्या एका रुग्णालयात कोबाल्ट यंत्र वापरात होते. कोबाल्टची शक्ती दर ५.२७ वर्षांनी निम्मी होते, म्हणजे महिन्याला सुमारे एक टक्का उतरते, त्यामुळे उपचाराची वेळ त्या प्रमाणात वाढवत न्यावी लागते. सुरुवातीचे माप बरोबर होते, पण पुढची घट दाखवणारी रेषा चुकीच्या आलेखकागदावर काढली गेली आणि ती खऱ्या घटीपेक्षा भराभर खाली जात राहिली. यंत्र कागदावर जितके क्षीण होते तितके प्रत्यक्षात नव्हते, म्हणून वेळ अधिक आणि मात्रा अधिक. बावीस महिने कोणीही चेंबर पाण्यात घालून पाहिले नाही. ४२६ रुग्णांना जास्त मात्रा गेली. टाकीत पाणी भरून तासाभराचे काम केले असते तर पहिल्या काही महिन्यांतच ते दिसले असते, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

मापाची गोष्ट इथपर्यंत एका बिंदूची झाली: पाण्यात दहा सेंटिमीटरवर किती. रुग्ण मात्र पाण्याची टाकी नव्हे. त्याला हाडे आहेत, श्वासनलिका आहे, आणि गाठीच्या शेजारी जपायचे अवयव आहेत. बाबांच्या बाबतीत गालाच्या जागेला तीस दिवसांत साठ ग्रे द्यायचे होते, मणक्यातील मज्जारज्जूला पंचेचाळीसच्या आत ठेवायचे होते आणि दुसऱ्या बाजूच्या लाळग्रंथीची सरासरी सव्वीसच्या खाली आणायची होती, नाहीतर पुढचे आयुष्य कोरड्या तोंडाने काढावे लागते. भाकरी खाणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

माझ्या आधीच्या पिढीतील सहकारी हे आखणीचे काम हाताने करीत. शिशाची लवचिक तार रुग्णाच्या अंगाभोवती दाबून तिचा आकार कागदावर उतरवायचा, आणि त्यावर सममात्रा रेषांचे पारदर्शक तक्ते ठेवून प्रत्येक झोताची भर मांडायची. सातपुड्याच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात तशाच या रेषा: नव्वद टक्के, ऐंशी, सत्तर. तीन झोतांची बेरीज करायला एखादी दुपार जात असे. न्यूयॉर्कमध्ये के. सी. त्सिएन यांनी १९५५ मध्ये ही बेरीज छिद्रित कार्डांच्या यंत्राकडून करून घेतली. संगणकीय नियोजनाची सुरुवात बहुधा तिथेच मानतात. पण यंत्र भराभर बेरीज करू लागले तरी मुळातला दोष राहिलाच. ते तक्ते सगळे शरीर एकसारख्या पाण्याचे आहे असे मानून केलेले होते.

हा दोष ज्याला खटकला त्याची गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. १९५६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयाला किरणोत्सारी पदार्थांच्या देखरेखीसाठी भौतिकतज्ज्ञ हवा होता, आणि विद्यापीठात शिकवणारे ॲलन कॉर्मॅक आठवड्यातील दीड दिवस तिथे जाऊ लागले. त्यांना बसायला जागा मिळाली ती किरणोपचार विभागात. तिथली आखणी पाहून त्यांना प्रश्न पडला की शरीर आतून ठिकठिकाणी वेगळे आहे हे ठाऊक असताना ते एकसारखे कसे धरता येईल, आणि प्रत्येक बिंदूला किरण किती अडतात हे बाहेरून मोजून काढता येईल का. पुढच्या वर्षी त्यांनी लाकडाच्या वलयात ॲल्युमिनियमचा दंडगोल बसवून, त्यातून किरणांची बारीक शलाका सोडून, बाहेरच्या मोजमापांवरून आतली रचना गणिताने काढून दाखवली. १९६३ आणि १९६४ मध्ये त्यांनी ते गणित प्रसिद्ध केले. त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. इकडे इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी स्वतंत्रपणे सीटी स्कॅनचे यंत्र बांधले, १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले, आणि १९७९ चे नोबेल दोघांना मिळून देण्यात आले. आज लोक सीटीला रोग शोधण्याचे यंत्र समजतात. तो विचार एका माणसाच्या मनात किरणोपचाराची मात्रा नीट मोजता यावी म्हणून आला होता, हे फार थोड्यांना माहीत असते.

आता आमचे सगळे नियोजन सीटीवर उभे असते. चित्रातील प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफिल्ड अंक असतो, पाण्याला शून्य आणि हवेला उणे एक हजार. त्यावरून संगणक प्रत्येक ठिकाणची घनता काढतो आणि किरण तिथे किती अडतील हे ठरवतो. सीटीनंतरच्या काळात आखणीची दिशाही उलटली. पूर्वी झोत ठरवायचे आणि मात्रा कशी पडते ते पाहायचे. स्वीडनचे अँडर्स ब्राह्मे यांनी १९८० च्या दशकात प्रश्न उलटा मांडला की मात्रा कशी हवी ते आधी सांगा, झोत कसे असावेत ते गणित सांगेल. माझे आजोळ साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आहे. तिथल्या फड पद्धतीत, म्हणजे शेतांचे गट करून पाटाचे पाणी पाळीने देण्याच्या पद्धतीत, पाटकरी कोणत्या फडाला किती वेळ पाणी हवे ते आधी पाहतो आणि त्यावरून दारे केव्हा उघडायची, केव्हा मिटायची ते ठरवतो. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले पाहिजे आणि मधल्याचे पीकही सडता कामा नये. लिनॅकच्या तोंडाशी टंगस्टनच्या शंभराहून अधिक पातळ पात्या असतात, यंत्र रुग्णाभोवती फिरत असताना त्या प्रत्येक क्षणी सरकून झोताला आकार देतात, आणि त्यांची प्रत्येक हालचाल या उलट्या गणितातून आलेली असते. पात्या सरकताना पाहिल्या की मला मामांच्या गावातला पाटकरी आठवतो.

गणित कितीही चांगले असले तरी ते मोजून पाहिल्यावाचून रुग्णावर जात नाही. प्रत्येक नियोजन आधी रुग्णाविना चालवले जाते. रुग्णाच्या जागी शेकडो लहान मोजणी-बिंदू असलेली पाटी ठेवतात आणि संगणकाने सांगितलेली मात्रा आणि पाटीने मोजलेली मात्रा एकमेकींवर ठेवून पाहतात. दोन्ही किती जुळतात हे सांगायला अमेरिकेतील डॅनियल लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गॅमा निर्देशांक दिला: मात्रेतील फरक आणि जागेतील फरक दोन्ही एकाच आकड्यात. पूर्वी नुसता मात्रेचा फरक पाहिला की जिथे मात्रा कड्यासारखी उतरते तिथे मिलिमीटरभर सरकण्यानेही मोठा दोष दिसे. नुसते अंतर पाहिले की सपाट भागातली चूक लपून जाई. बाबांच्या नियोजनाचे हे मोजमाप मी त्यांच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, सगळे रुग्ण गेल्यावर केले होते.

विसाव्या दिवसाच्या आसपास रांग नव्हती, तेव्हा मी त्यांना चेंबर दाखवले. त्यांनी ते हातात घ्यायला नको म्हटले, नुसते वाकून पाहिले. पासंग, म्हणजे रिकाम्या काट्याचा कल, कुठे काढता, असे विचारले. मी चेंबरमधला विद्युतभार मोजणारा इलेक्ट्रोमीटर सुरू करून, किरण बंद असतानाचे वाचन शून्यावर कसे आणतो ते दाखवले, मुंबईचे प्रमाणपत्र दाखवले, त्यावरची तारीख दाखवली. तारीख त्यांनी स्वतः वाचली. तोंड सोलवटले होते, बोलणे त्रासाचे होत होते, तरी त्यांनी विचारले की मुदत संपली आणि चेंबर परत आले नाही तर काय करता. मी सांगितले की दुसरे चेंबर आहे, आणि दोन्ही दर काही महिन्यांनी एकमेकांशी ताडून ठेवतो.

यंत्र एक दिवस बंद होते, त्यामुळे उपचार एक दिवस लांबला. शेवटच्या दिवशी त्यांनी खिशातून घडी केलेले कॅलेंडरचे पान काढले. त्यावर रोजची एक, अशा उभ्या रेघा होत्या, पाच झाल्या की आडवी, धान्याची पोती मोजतात तशी. बंद दिवसाच्या चौकटीत टिंब होते. मी आमच्या नोंदीचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि आम्ही दोघांनी मिळून मोजले. त्यांच्या तीस, आमच्या तीस. सुट्टीच्या कागदावर मी तीस गुणिले दोन, साठ ग्रे असे लिहिले. त्यांनी तो कागद कॅलेंडरच्या पानात घालून घडी केली आणि खिशात ठेवला.